नवस सांगायचा नसतो

आमची मुलगी जन्मली तेव्हा सुईणीने तिला उजेडाकडे धरून पाहिले आणि काही न बोलता माझ्या आईच्या हातात दिली. एरवी ती सुईण फार बोलकी होती. पुढे सहा महिन्यांची झाली तरी मान धरीना, म्हणून आम्ही तिला नगरला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तिचा तळहात उघडून त्यावरची एकच आडवी रेघ मला दाखवली. म्हणाले, "अशा मुलांना मंगोल म्हणतात. याला औषध नाही. चालेल उशिरा. बोलेल की नाही, सांगता येत नाही. शिकणार मात्र नाही, ती आशा धरू नका." मी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे हे मी त्यांना सांगितले नाही. लाज वाटली.

आता तो शब्द कोणी वापरत नाही. आता डाऊन सिंड्रोम म्हणतात आणि अशा मुलांना लहानपणीच खुणा आणि शब्द शिकवावेत, असे छापूनही येते. असे काही वाचले की मी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवतो. मी ते केले होते. ज्या घरात केले त्याच घराने मला फसवले, असे मला कितीतरी वर्षे वाटत आले. अजूनही वाटते. फक्त आता त्या फसवणुकीत मी स्वतःलाही धरतो.

देवळाली प्रवऱ्यापासून जवळच कालव्याच्या काठी आमचे गाव. जिल्हा परिषदेची शाळा दोन खोल्यांची, आणि शिक्षकही दोनच. वरचे वर्ग मोठ्या गुरुजींकडे, म्हणजे मुख्याध्यापकांकडे, आणि पहिली-दुसरी माझ्याकडे. घरात माझी आई, बायको आणि ही मुलगी. बायको आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याची, डोंगरातल्या गावची. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण तेव्हा मला त्याची आठवणच राहिली नव्हती.

मुलगी चार वर्षांची झाली, चालू लागली, पण तोंडातून नुसते आवाज. जीभ जड, बाहेर यायची. लोकांनी सांगितलेले सगळे आईने केले. मधात वेखंड उगाळून जिभेवर चोळले. पोपटाने टोचा मारलेला पेरू गावभर हिंडून आणला आणि खायला घातला. मुलीने पेरू मात्र आवडीने खाल्ला.

मी तिला अक्षरे शिकवायला बसलो. ग, म, भ, न. माझ्या वर्गातली मुले ज्या वाटेने गेली तीच वाट. पाटीवर काढलेल्या ग कडे ती बघायची आणि मग माझ्याकडे बघून हसायची. तिला तो ग आणि शेजारचा म यांत काही फरक करावासा वाटत नव्हता. असे बरेच महिने गेले. एकदा वर्गातल्या जुन्या शब्दपट्ट्या मी घरी आणल्या होत्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर बोरूने मोठ्या अक्षरात लिहिलेले शब्द, चित्र कशावरच नाही. त्यातली 'गाय' ही पट्टी तिने उचलली आणि गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली. मला वाटले, योगायोग. पट्ट्या मिसळल्या, पुन्हा पसरल्या. तिने पुन्हा तीच उचलली आणि पुन्हा गोठ्याकडे निघाली. एक-दोनदा वर्गात ती माझ्या मांडीवर बसली होती, तेव्हा मी ती पट्टी मुलांना दाखवली होती, एवढेच. सुटे अक्षर तिला नको होते. अख्खा शब्द तिला चेहऱ्यासारखा ओळखता येत होता.

पण ओळखला हे तिने सांगायचे कसे? दर वेळी गोठ्यात जाता येत नाही. मग मी खुणा बसवल्या. मला कोणी शिकवल्या नव्हत्या, घरात जे दिसत होते त्यातूनच केल्या. गाय म्हणजे कपाळाशी दोन बोटांची शिंगे. दूध म्हणजे आचळ पिळल्यासारखी मूठ. भाकरी म्हणजे थापणारे दोन हात. पाणी म्हणजे ओंजळ तोंडाशी. शाळा म्हणजे टोल देणारा हात. आजी म्हणजे हिरडीवर फिरणारे बोट, कारण माझी आई सकाळ-संध्याकाळ मिश्री लावीत बसायची. ती खूण मुलीने एका दिवसात उचलली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला करून दाखवू लागली. आई चिडली. "आख्ख्या गावात माजी मिश्री दावत फिरती ही! दुसरं काय न्हाई का आजीत?"

मी पट्टी दाखवायची, तिने हाताने शब्द सांगायचा. असे आमचे वाचन सुरू झाले. संध्याकाळी ओट्यावर आम्ही दोघे बसायचो. रस्त्याने जाणारे थांबायचे. शेजारचे एक म्हातारे रोज विचारीत, "गुरुजी, साऱ्या गावाची पोरं शिकविली, आन घरच्या पोरीला नाचाया शिकविता व्हय?" मी हसून सोडून द्यायचो. आई हसत नसे. ती आत जाऊन भांडी आपटायची. तिचे म्हणणे एकच होते: "हातानं बोलायची सवं लागली तर तोंड कशाला उघडंल ती?" बायको काहीच म्हणत नसे. मीही तिला विचारले नाही. पट्ट्या माझ्या होत्या, खुणा माझ्या होत्या. ती चुलीपाशी असायची आणि आम्ही ओट्यावर.

संक्रांतीच्या सुमारास मी मोठ्या गुरुजींपाशी विषय काढला. येत्या जूनमध्ये मुलीला पहिलीत बसवू द्या. त्यांनी लगेच नाही म्हटले नाही. भला माणूस होता. एक दिवस ते स्वतः ओट्यावर येऊन बसले आणि तिच्या सगळ्या खुणा त्यांनी माझ्याकडून शिकून घेतल्या. शिंगांची खूण करताना त्यांची टोपी पडली आणि मुलगी खदखदून हसली. मग म्हणाले, "गुरुजी, बाकीच्यांचे आईबाप मला विचारतील, वेड्या पोरीला आमच्या पोरांत का बसवली. मला त्यांना काहीतरी दाखवता आलं पाहिजे. शाळा उघडायच्या आधी तिनं माझ्यासमोर दहा शब्द वाचून दाखवावेत. हातानं सांगितलं तरी चालेल. मग कोण काय म्हणतो ते मी बघतो." एवढे मला पुरे होते. मी त्या दिवसापासून मुलीला टोलाची खूण करून सांगू लागलो, शाळा, तू, शाळा. तीही सकाळी उठल्याबरोबर टोल द्यायची.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. कालव्याला पाणी नव्हते, ऊस जागेवर वाळला होता, गावातली निम्मी माणसे खडी फोडायला जात होती. सुट्टी लागली तशी आम्हा शिक्षकांना दुष्काळी कामांवर हजेरी घ्यायला पाठवले. माझे काम लांब पडले, तिथेच एका देवळात मुक्काम. घरी यायला मिळायचे ते कधीतरी, एका दिवसापुरते. निघताना मी पट्ट्या बायकोच्या हवाली केल्या. म्हणालो, "उंदरांपासून जप." दुसरे काही म्हणालो नाही.

मी घरी यायचो तेव्हा मुलगी पायाला मिठी मारायची. मी पट्ट्या काढायचो. पहिल्या खेपेला तिने सगळ्या खुणा केल्या. पुढच्या खेपेला करता करता थांबली आणि आतल्या दाराकडे बघू लागली. त्यानंतर हात अर्ध्यावर यायचे आणि पुन्हा मांडीखाली जायचे. मला वाटले, ऊन फार आहे, खायला नीट नाही, मुलगी थकली आहे. मी आलो की आई मला पंख्याने वारा घालायची, बायको न मागता चहा करायची. दोघी माझ्याशी फार चांगल्या वागत होत्या. आता आठवले की तेच सगळ्यात जास्त लागते.

शाळा उघडायच्या आधी मोठ्या गुरुजींनी आम्हाला बोलावले. मुलगी आईशिवाय निघेना, म्हणून बायकोही आली आणि डोक्यावर पदर घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिली. माझी आई घरीच थांबली. निघताना तिने मुलीच्या गालावरून बोटे ओवाळून मोडली. मला बरे वाटले. मनात आले, शेवटी हिलाही पटले.

वर्गात मोठे गुरुजी खाली, मुलांच्या बसकरपट्टीवर बसले, मुलीला खुर्चीची भीती वाटू नये म्हणून. मी समोर पट्ट्या घेऊन बसलो. पहिली पट्टी काढली. गाय.

मुलीने पट्टीकडे बघितले. मग दाराकडे, आईकडे. हात मांडीखाली. तोंडातून काहीतरी आवाज आला. ती नेहमीच असे आवाज काढी, मी त्यांच्याकडे कान देत नसे. मी तिच्या हातांकडे बघत होतो.

"हं," मी म्हणालो, "हात."

पुन्हा आवाज. हात नाहीत.

मी दुसरी पट्टी काढली, तिसरी काढली. तेच. ती आता पट्टीकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघत होती. मी तिची मनगटे धरून वर घेतली, ओंजळ केली, तिच्या तोंडाशी नेली. मोठे गुरुजी हळूच म्हणाले, "गुरुजी, तुम्ही हलवू नका. तिलाच करू द्या." मी हात सोडले. ते परत मांडीखाली गेले.

वर्गात पाठांतर घेताना न आलेला शब्द आपण बाजूला ठेवतो आणि "नाही" म्हणतो, सवयीने. तशी मी एकेक पट्टी बाजूला ठेवत गेलो. नाही. नाही. नाही. मुलगी रडायला लागली तेव्हा मोठे गुरुजी उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "राहू द्या. लहान आहे." मी म्हणालो, "तिला येत नाही." हे मी स्वतःच्या तोंडाने म्हणालो. त्यांनी म्हटले नव्हते.

आम्ही घरी आलो. मुलगी बायकोच्या खांद्यावर झोपून गेली होती. दारात आई उभी होती, नवे लुगडे नेसलेली. हातात ताट, ताटात नारळ, हळदकुंकू आणि दहीभाताचा नैवेद्य. दुष्काळात दही तिने कुठून आणले असेल देव जाणे. तिने माझ्याकडे बघितलेच नाही. सुनेला विचारले, "बोलली का गं चार मान्सांत?"

"बोलली," बायको म्हणाली.

"मग तोंड का पाडलं?"

"बोलली, पर कुनी ऐकलं न्हाई."

मला काही कळेना. "कोण बोललं?" मी विचारले. "काय बोललं?"

बायकोने मुलीला आत निजवले आणि परत येऊन भिंतीला टेकली. "अहो, हीच. शाळंत, तुमच्यापुढं. गाईच्या पट्टीला 'गा' म्हनली. दुधाला 'दू'. पान्याची पट्टी आली तवा तर 'पानी' सगळंच म्हनली. तुमी तिचं हात धरून बसला हुता."

"आणि तू उभी राहून बघत होतीस?"

"मोठ्या गुरुजींपुढं मी काय बोलू? तुमी मास्तर. तुमीच न्हाई म्हनून एकेक पट्टी बाजूला ठिवली. मला वाटलं, माज्याच कानाला ऐकू येतंय."

मग सगळी हकीकत बाहेर आली. मी कामावर गेल्यावर आईने वेशीवरच्या मरीआईला नवस बोलला होता: पोरीला तोंड दे, चार माणसांत बोलली की नारळ आणि नैवेद्य. आणि देवीकडे तोंड मागायचे तर आपण हाताचा धंदा बंद ठेवला पाहिजे. म्हणून मुलीने हात केला की घरात कोणी जाब द्यायचा नाही, आवाज काढला की द्यायचा. दोघींनी तो नेम पाळला. बायकोने त्यात आपल्या मनाचे घातले: माझ्या पट्ट्या काढल्या आणि चुलीपाशी बसून मुलीकडून तोंडाने म्हणवून घेतल्या. एकेक शब्द. माझ्या मागे, माझ्या घरात, माझी मुलगी मोठ्याने वाचत होती.

"पाण्याला हात केला तरी दिलं नाहीत?" मी आईला विचारले. "या उन्हात?"

"दिलं की. 'पा' म्हनल्यावर दिलं. माज्या वाटचं दिलं."

"मला का नाही सांगितलं?"

"आरं, नवस कुनी सांगत आसतं व्हय? पुरा व्हायच्या आत सांगितला की वाया जातो."

"मी बाप आहे तिचा."

"म्हनूनच तर. तुज्या पोटात काय टिकतंय? दुसऱ्या दिवशी शाळंत सांगून आला आसता." मग तिने ताट खाली ठेवले. "आज चार मान्सांत ती बोलनार, आन मंग तुला सांगनार हुतो. सकाळपास्नं उपाशी हाय मी."

मी आरडाओरडा केला. काय काय बोललो ते लिहिण्यासारखे नाही. तुम्ही दोघींनी मिळून तिची शाळा बुडवली, हे मात्र पुन्हा पुन्हा म्हटलेले आठवते. बायको ऐकून घेत होती. शेवटी ती एवढेच म्हणाली, "एकदा तरी मला बोलला का, ये, तू पन बस म्हनून? उंदरापास्नं जप म्हनला. जपल्या मी." आणि आत गेली.

मी कोरड्या कालव्यात जाऊन बसलो. शाळा हुकली याचे दुःख होतेच. पण मी खरे सांगायला बसलो आहे तर खरे सांगतो. मला जास्त लागले ते दुसरेच. तिचा पहिला शब्द निघाला तेव्हा मी तिथे नव्हतो. दुसरा, तिसरा, तोही माझ्या वाट्याला आला नाही. मी आलो की तिघीजणी मला चहा देत होत्या आणि गप्प बसत होत्या. तिसरी म्हणजे माझी मुलगी. तिलाही गप्प बसायला शिकवले होते की ती आपणहून बसत होती, हे मला आजही माहीत नाही. आणि जेव्हा ती माझ्यासमोर बोलली, सगळ्यांत महत्त्वाच्या दिवशी, तेव्हा तिला "नाही" म्हणणारा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मोठ्या गुरुजींच्या घरी गेलो. ते दात घाशीत होते. मी सगळे सांगितले. ते कडुनिंबाची काडी हातात धरून ऐकत राहिले.

"म्हणजे काल तिनं वाचलं."

"वाचलं."

"तुम्हीच म्हणालात, तिला येत नाही."

"हो."

"आज तुम्हीच म्हणता, येतं. गुरुजी, मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण मी लोकांना काय सांगू?" मग म्हणाले, "चला. पुन्हा घेऊ. इथंच, ओसरीवर. तोंडानं, हातानं, कसंही."

मी मुलीला घेऊन आलो. बायकोलाही ये म्हणालो, ती आली. पट्टी काढली. गाय. मुलीने पट्टीकडे बघितलेच नाही. हात मांडीखाली घातले आणि ओठ घट्ट मिटून घेतले. इतके घट्ट की ते पांढरे पडले. मोठ्या गुरुजींनी शिंगांची खूण केली. बायको म्हणाली, "म्हन की बये, गा." मी पट्टी खाली ठेवली. हाताने बोलले तर आई-आजी बघत नाहीत आणि तोंडाने बोलले तर बाप नाही म्हणतो. मग तिने काय करावे? मोठे गुरुजी उठले. त्यांनी तिला आतून गुळाचा खडा आणून दिला. मला म्हणाले, "पुढल्या वर्षी बघू."

पुढल्या वर्षी त्यांची बदली झाली होती. नवे आले त्यांनी पट्ट्या पाहण्याचेही मनावर घेतले नाही. मुलगी शाळेत गेली नाही, ती नाहीच.

पण मला सांगायचे आहे ते त्याच जूनचे. शाळा उघडली त्या दिवशी पहिलीचा वर्ग मीच भरवला. नवी मुले रडत होती, त्यांना मी गूळ-फुटाणे वाटले, ग काढून दाखवला. शाळेचा टोल घरापर्यंत ऐकू जातो. घरी त्या वेळी मुलीने काय केले, हे मी आईला विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा चूल पेटलेली होती. आतून बायकोचा आवाज येत होता आणि मधूनमधून दुसरा एक आवाज, जाड, अडखळणारा. मी पायताण काढून आत डोकावलो. बायको भाकरी थापत होती. शेजारी मुलगी पट्ट्या मांडीवर घेऊन बसली होती. एकेक पट्टी ती आईच्या पिठाने भरलेल्या हातांसमोर धरत होती आणि शब्द म्हणत होती. मला पाहिले आणि थांबली. पट्टी उलटी करून मांडीखाली सरकवली.

मी म्हणालो, "म्हण, म्हण." तिने म्हटले नाही. बायकोने वर बघितले आणि पुन्हा परातीत बघू लागली. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचे काही नव्हते. असते तर मला भांडता आले असते.

दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी मी आत गेलो नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीबाहेर गाईच्या वैरणीशेजारी पोत्यावर बसलो. तिथून सगळे ऐकू येत होते. गा. दू. मग बराच वेळ काही नाही, आणि मग पानी, सावकाश, सगळेच्या सगळे.

आई गोठ्यातून आली. मला तसा बसलेला बघून थांबली. "आरं, भाइर का बसला? आत जा की, पोरगी वाचतीया."

"हळू बोल," मी म्हणालो. "इथून ऐकू येतं."

ती माझ्याकडे पाठ करून, पोत्याच्या दुसऱ्या कडेला बसली.